गाडी दोन बोटं खाली

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा असणं हे लांच्छन आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी शहाद्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून सुखात होतो. मग एक लाल, चपळ, थोडी मस्तीखोर अशी जुनी हॅचबॅक घेतली आणि तिच्याबद्दल चार गोष्टी वाचाव्यात म्हणून इंटरनेटवर गेलो. तिथल्या जाणकारांचं म्हणणं असं, की कंपनीतून आलेली गाडी म्हणजे आखूड पँट घातलेला नवरदेव. त्या दिवसापासून मला माझी गाडी तशीच दिसायला लागली.

आयुष्यभर मी गाड्यांवरचे झेंडे आणि पदांच्या पाट्या यांची चेष्टा करत आलो. पण दिमाख दुसऱ्याचा असला की दिसतो, स्वतःचा असला की त्याला तांत्रिक कारण सापडतं. माझं कारण असं होतं, की गाडी खाली बसवली की वळणावर कमी झुकते. हे खरंच आहे. शहाद्याहून माझ्या गावी, कळसाडीला, जाताना झुकण्याजोगं वळण किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

शहाद्यातल्या मेस्तरीनं तोडगा लगेच काढला. "सर, स्प्रिंगना दोन आटा कापी टाकू. अर्धा तासनं काम शे."

"आणि शॉकअप?"

"शॉकअपले काय व्हस? तो आपोआप बठी जास."

तो नेमका बसतो, हेच मी वाचलं होतं. स्प्रिंग म्हणजे घरातला उत्साही माणूस आणि शॉकअप म्हणजे त्याला आवरणारा. स्प्रिंग एकदा दबली की उड्या मारत राहते, त्या उड्या शॉकअप जिरवतो. नुसती स्प्रिंग आखूड केली तर आवरणाऱ्याला हातपाय हलवायला जागा उरत नाही आणि काही महिन्यांत तो तेल गाळत निवृत्त होतो. म्हणून दोन्ही जोडीनं, एकमेकांना साजेसे घ्यायचे. बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पत्रिका बघून." ती नाशिकची आहे, आणि माझ्या घरातला शॉकअपही तीच.

खरी अडचण मात्र आप्पांची होती. आप्पा म्हणजे माझे वडील. कळसाडीत माझा भाऊ ऊस-कापूस बघतो आणि आप्पा सगळ्यांवर लक्ष ठेवतात. त्यांची दावणीची शेवटची घोडी जाऊन बरीच वर्षं झाली, पण सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा निवडायचा असला की आजही लोक त्यांना बरोबर नेतात. दत्तजयंतीला त्यांना मी माझ्या गाडीतून सारंगखेड्याला न्यायचं, हा आमचा नेम. वर्षभरात आम्ही दोघं एकत्र जातो असा तो एकच दिवस. एरवी आमचं बोलणं म्हणजे "जेवना का?" आणि "जेवलो."

नवी गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दार उघडून आत वाकले आणि म्हणाले, "आरे, हाई गाडी शे का पाट? येन्हामा बठाले उतरनं पडस."

ती आणखी खाली जाणार आहे हे ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले. "मंग मी औंदा भाऊसाहेबनी गाडीमा जासू."

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शेजारच्या गल्लीतले एक माजी पदाधिकारी. त्यांच्या गाडीच्या पाटीवर पद एवढ्या मोठ्या अक्षरात आहे की 'माजी' वाचायला चष्मा लागतो. गाडी पांढरी आणि उंच, तिच्यात चढायला पायरी. त्यांना यंदा दारात घोडा बांधायचा होता, कारण पद गेल्यावर दारात काहीतरी उभं असावं लागतं. घोडा निवडायला आप्पा हवे होते. "आप्पा, मन्ही गाडीमा चला. एसी शे, गादी शे," असं ते आल्यागेल्यासमोर म्हणत.

मी आप्पांना म्हटलं, "जोडी घ्यायला तुम्हीच चला सुरतला. तुम्ही पसंत कराल तीच स्प्रिंग."

ही माझी चाल होती. ज्याला आयुष्यभर लोक निवडायला नेतात, तो माणूस निवडायचं आमंत्रण नाकारत नाही.

सुरतच्या दुकानदारानं दोन जोड्या काउंटरवर मांडल्या. दोन्हींनी गाडी सारखीच दोन बोटं खाली येणार होती. एक मऊ, दुसरी कडक. दुकानदार मिश्यांना पीळ द्यायच्या वयाचा, पण मिश्या नसलेला. तो कडक जोडीचं गुणगान करत होता. आप्पांनी शॉकअपचा दांडा तळहातानं दाबला, सोडला, तो वर येताना बघितला. मग दुसरा. "हाई लाथ मारस," ते कडक जोडीबद्दल म्हणाले. मग दुकानदाराला थांबवून म्हणाले, "उभा घोडा कोनी बी इकस. चालाडी दखाड."

त्याच्याकडे माझ्याच मॉडेलची, मऊ जोडी बसवलेली एक नमुन्याची गाडी होती. आप्पांनी दुकानातल्या माठातून तांब्या काठोकाठ भरला आणि पुढच्या सीटवर मांडीवर धरून बसले. चांगल्या घोड्याची चाल रेवाल असते. ती उचंबळत नाही, पाणी वाहावं तशी जाते आणि स्वाराच्या हातातला भरला तांब्या सांडत नाही. आमच्याकडे घोडा असाच पारखतात. मी गाडी सुरतच्या सपाट रस्त्यावरून फिरवून आणली. एक थेंब सांडला नाही.

"रेवाल शे," आप्पांनी निकाल दिला. "हाईच लेवो."

मग त्यांनी गळ्यातला टॉवेल हातावर टाकला आणि टॉवेलाखालून हात पुढे केला. बाजारात सौदा असा होतो. भाव बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हस्तांदोलन हवंय असं समजून त्यानं टॉवेलाखाली हात घालून जोरात हलवला. आप्पांच्या हिशेबी पाचही बोटं दाबणं म्हणजे काहीतरी भलतंच मोठं होतं. ते दचकले, माझ्याकडे बघून म्हणाले, "पोऱ्या पक्का व्यापारी शे," आणि बिल मी छापील भावानं भरलं.

गाडी दिसायला सुरेख झाली. अक्कलकुव्याला चहाला थांबलो तेव्हा मी पेला हातात घेऊन तिच्याभोवती तीनदा फिरलो. आप्पाही फिरले, पण ते मी बघत नाही असं समजून.

शहाद्यात आम्ही बायकोला आणि माझ्याकडे मुक्कामाला आलेल्या आईला मागं बसवलं. भावानं गुरांसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं सांगितलं होतं, ते डिकीत टाकलं. मुख्य रस्ता सोडून घराकडच्या वाटेला लागेपर्यंत आनंद होता. पण तोडीचा हंगाम सुरू झाला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी काळ्या मातीत दोन चाकोऱ्या खोल पाडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये वाळून दगड झालेली वरंब उभी होती. गाडी तिच्यावर चढली, मागून खाली बसली आणि पोटाखालून असा आवाज आला की आईनं गणपतीचं नाव घेतलं.

सगळे उतरलो. गाडी हुश्श करून वर आली. पोतं काढून बांधावर ठेवलं, तेव्हा आणखी वर आली. शेवटी उतरलेले आप्पा दुसरीकडे बघत उभे राहिले.

अशा वेळी मागून कोण यावं, याचे नियम ठरलेले आहेत. पांढरी गाडी शेतातून वळसा घालून आमच्या बाजूनं डुलत गेली. काच खाली झाली. "काय आप्पा, घोडा बठी गया का?"

आप्पा बांधावरच्या पोत्याची गाठ तपासू लागले. घरी पोहोचल्यावर मात्र अंगणात मला म्हणाले, "मन्ही पारख चुकनी नही. घोडावर कोनी ढेपनं पोतं टाकस का?"

"पण आप्पा," बायको पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "घोड्यावर आम्ही सगळे एकदम बसतही नाही ना."

ते पाणी प्यायले. मग गाडीच्या मागं जाऊन त्यांनी गुडघ्यानं ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. चूक कुठं झाली ते आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं असावं. घोडा एका स्वाराचा असतो. त्याची चाल बघताना मागच्या सीटवर आई, सून आणि डिकीत गुरांची पेंड असू शकते हे त्या शास्त्रात लिहिलेलंच नाही. मी तरी वाचनाच्या जोरावर हे सांगायला हवं होतं, पण मी गाडीभोवती चहा पीत फिरत होतो.

गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. "आप्पानी निवाडेल घोडी बठी गयी," असं पारावर बोललं जाऊ लागलं. आता प्रश्न माझ्या हौशीचा राहिला नव्हता. भाऊसाहेबांच्या गाडीत बसून यात्रेला जाणं म्हणजे आपण गाडी चुकीची निवडली, हे आप्पांनी साऱ्या सारंगखेड्यासमोर कबूल करणं. आणि त्यांनी ते केलं असतं तर आमचा तो एक दिवस कायमचा गेला असता, कारण एकदा गेलेला नेम परत येत नाही.

पुढच्या सुट्टीला ते सकाळीच तयार होऊन बसले होते. "चाल सुरत," म्हणाले. डिकीत ढेपेचं पोतं त्यांनी आधीच टाकून घेतलं होतं.

दुकानदारानं कुरकुर करत जोडी बदलून द्यायचं कबूल केलं. कडक जोडी बसवल्यावर आप्पांनी त्याच्याच दोन माणसांना मागं बसवलं. दोघंही चांगले खातेपिते होते. पोतं होतंच. तांब्या पुन्हा भरला. यावेळी त्यांनी मला सपाट रस्ता सोडून पुलाचं काम चालू होतं तिकडे न्यायला सांगितलं. तिथं तांब्यातलं अर्धं पाणी त्यांच्या पायजम्यावर आलं. मागची दोन माणसं हसू दाबत होती.

"आप्पा, पाणी सांडलं," मी म्हटलं.

"सांडू दे. पोट टेकनं का?"

"नाही."

"मंग झालं," ते पायजमा झटकत म्हणाले. "पानी घर बी मिळस."

यात्रेच्या सकाळी पांढरी गाडी आमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवू लागली. आप्पा फेटा बांधून बाहेर आले. दोन्ही गाड्यांकडे बघून त्यांनी जाहीर केलं, "पयले ती वरंब. हाई गाडी पोट न टेकता निघनी तर येन्हामा. नही तर भाऊसाहेब, तुम्हना संगे."

आई, बायको आणि भाऊ मागं बसले. आईनं यात्रेत भाकरी मिळत नाही या समजुतीनं भलंमोठं गाठोडं मांडीवर घेतलं होतं. आप्पा चालत पुढे गेले आणि वरंबेपाशी बांधावर उकिडवे बसून गाडीच्या पोटाच्या पातळीवर डोळे लावून राहिले. पांढरी गाडी मागं थांबली, एसी चालू ठेवून.

मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं गेली. वरंब मध्यावर आली आणि खालून खर्रकन आवाज झाला. मी थांबलो. मागं आईनं गाठोडं छातीशी धरलं. आरशात भाऊसाहेबांचं दार उघडताना दिसलं.

आप्पा जमिनीवर हात टेकून वाकले, गाडीखाली हात घातला आणि उसाचं वाळलेलं पाचट ओढून काढलं. ते त्यांनी उंच धरलं, भाऊसाहेबांना नीट दिसेल असं.

"पाचट शे!"

मग मला हातानं पुढे जायची खूण केली. गाडी अलगद पार झाली. आप्पा फेटा सावरत मागून आले, दार उघडून उतरल्यासारखे आत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही या मांगून. घोडा तठेच देखू."

सारंगखेड्यापर्यंत रस्त्यानं त्यांचे दात वाजत होते. दर खड्ड्याला आई "माय वं" म्हणायची आणि दर वेळी आप्पा मागं वळून तिला समजावायचे, "दणका नही, चाल शे ती."

यात्रेत एका ओळखीच्या घोडेवाल्यानं गाडीकडे बघून विचारलं, की एवढी खाली कशी. आप्पांनी टायर आणि मडगार्डच्या मध्ये दोन बोटं घालून दाखवली. "तिसरं जावाले नको," ते म्हणाले, आणि त्यालाही घालून बघायला लावलं.