गळा वहिनीचा

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर वहिनी गळ्यावरची चिकट जेल पुसत बसली होती. तपासणीसाठी काढायला लावलेलं मंगळसूत्र तिने मुठीत घट्ट धरलं होतं. तिच्या थायरॉइडमध्ये गाठ होती. ती साधी की कॅन्सरची, याचा अंदाज डॉक्टरांना पडद्यावर गाठीच्या कडा बघून आला असणार. पण त्यांनी आत बोलावलं ते माझ्या भावाला. "पेशंटला बसू द्या बाहेर."

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे बाईच्या अंगात काय चाललंय, हे तिच्याखेरीज सगळ्या घराला कळतं. ती घाबरेल म्हणे! आणि या बंद दाराकडे बघत ती काय मजेत बसलीय?

दादा गंभीर चेहऱ्याने बाहेर आला. "इथे नको, घरी जाऊन बोलू."

वहिनी पांढरीफटक पडली. मी त्याला तिथेच अडवलं, तेव्हा कुठे पुटपुटला, "अगं, साधीच वाटतेय गाठ. कडा गुळगुळीत आहेत म्हणाले."

म्हणजे चांगली बातमीसुद्धा तिच्यापासून राखून ठेवायची!

वहिनीने मूठ उघडली. तळहातावर मण्यांचे लाल वळ उठले होते. ती उठली, दार ढकलून आत गेली आणि म्हणाली,

"डॉक्टर, गळा माझा आहे. आता मला सांगा."