अडतीस सालचा शेअर

अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती शेअर बाजारात आहे, हे आमच्या घरात कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मग अफवा उठली. बरेच जुने कॉम्प्युटर सेकंद मोजून तारीख ठरवतात आणि २०३८च्या जानेवारीत ती मोजणी संपते. हे दुरुस्त करायची मोठमोठी कामं आमच्या कंपनीला मिळणार, असं गुंतवणूकदारांच्या ग्रुपांवर फिरायला लागलं. शेअर रोज चढू लागला.

प्रत्यक्षात ते काम आम्ही तिघं करत होतो. एका लहानशा बँकेच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तारखा कुठे अडकतील याची यादी, बस्स. पण कामाबद्दल बाहेर बोलणार नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं.

रविवारी भांडुपला दादाकडे जेवायला गेले. वहिनी सुरमई तळत होती. दादाने मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटरच्या तारखांचा असाच घोळ झाला होता, तेव्हा त्याच्या मित्रांनी असेच शेअर घेऊन पैसे केले होते आणि तो नुसता बघत बसला होता, हे त्याने पुन्हा ऐकवलं.

"तू आत आहेस. घेऊ की नको, एवढंच सांग."

"मला विचारू नकोस, दादा."

तो हसला. "कळलं," म्हणाला.

काय कळलं, ते मी विचारलं नाही. नोकरी जायची भीती होतीच. पण मी नको म्हणायचं आणि शेअर दुप्पट व्हायचा, मग दादा जन्मभर बोलून दाखवणार, हीसुद्धा होती.

बुधवारी राहवेना. ऑफिसच्या जिन्यात जाऊन त्याला फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं, घेऊ नकोस.

"सोमवारीच घेतले," तो म्हणाला. "तू नको म्हणाली नाहीस ना."

विकून टाक म्हटलं, तर चढता शेअर कोण विकतं, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की असं कुठलंही मोठं काम हातात नाही. मग रोज सकाळी बाजार उघडताच भाव कोसळायचा. घेणाराच नसल्यामुळे विकताही येईना. मी जागेवर बसून तीच यादी भरायचे आणि मधेमधे भाव बघायचे. दादाचा फोन नाही. शेवटी अर्ध्याहून कमी भावात सुटका झाली, तेही वहिनीकडून कळलं.

"यांना राग नाही आला तुझा," ती म्हणाली. "पण तू रविवारीच बोलायला हवं होतंस."

मी नाही म्हटलं नाही.

नंतर भांडुपला गेले तेव्हा दार दादानेच उघडलं. पाणी दिलं. तुझी नोकरी तरी राहील ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. खात्री मलाही नव्हती.