धारगळहून आलेलं मेज

मुहूर्त बघून कधी घराबाहेर पडले नाही, कुणाला दृष्ट काढू दिली नाही, आणि कुणी देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून आत जायची. सत्तरी ओलांडली तरी तशीच आहे. हे लिहितेय ते कुणाला पटवायला नव्हे. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगते.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. आम्ही डिचोलीला राहायचो. मूलबाळ नव्हतं. माझे यजमान वसंतराव पोर्तुगीज काळातल्या जमिनीच्या कागदांची भाषांतरं टाईप करून द्यायचे... आमच्या ओसरीवर बसूनच. माझे वडील जुन्या राजवटीत कारकून होते, त्यामुळे पोर्तुगीज मलाही बऱ्यापैकी यायचं. एखादं अक्षर लागलं नाही, की हे कागद मुकाट माझ्याकडे सरकवायचे.

पंधरा वर्षं ओसरीवर काढल्यावर यांनी बाजारात, कापडाच्या दुकानावरची खोली घेतली. आणि मग रोज तोच विषय! भिंतींना पांढरा नको, फिकट पिवळा. खिडकीला जाड पडदा नको, उजेड कागदावर पडला पाहिजे. टाईपरायटर आतल्या कोपऱ्यात, त्याच्या खडखडाटात माणसाला बोलता येत नाही. येणाऱ्यांसाठी बाक नव्हे — पाठीच्या खुर्च्या.

"लोक आधीच घाबरलेले असतात गं," हे म्हणायचे. "वाडवडिलांची जमीन, आणि कागदातलं एक अक्षर कळत नाही. सरकारी खिडकीपुढे उभं राहून पाय मोडलेले. आपल्याकडे आल्यावर त्यांना बसावंसं वाटलं पाहिजे."

बोर्डाचीही गंमतच. भाषेच्या वादाचे दिवस. पेंटरनं विचारलं, "भाषांतर कसं लिहू? 'ष' काढला तर मराठी, 'श' काढला तर कोंकणी!" हे खो खो हसले. म्हणाले, "तू आपलं 'टायपिंग' लिही."

मेज मात्र धारगळच्या बाबुसो मेस्ताकडूनच हवं होतं. पेडण्याकडे कामाला जाता-येता यांनी त्याचं सुतारकाम पाहिलेलं. एका कागदावर माप लिहून दिलं — उंची एकतीस इंच, खण उजव्या बाजूला. हे सहा फुटी, त्या हिशेबानं.

मेज यायच्या आधीच कावीळ झाली. पहिले काही दिवस गावठी औषधात गेले, मग पणजीला इस्पितळात नेलं. अकराव्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. धाकटे दीर जाताना म्हणाले, "वहिनी, खोलीची चावी देऊन टाका. ठेवून करणार काय?" वाईट हेतू नव्हता त्यांचा. मलाही तेच वाटत होतं. पुढच्या सोमवारी सकाळी मी खोली रिकामी करायला गेले. रंगाचा वास अजून होता. नवा पडदा काढून घडी घालत होते, तेवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि दोन गड्यांकडून मेज वर आणवत बाबुसो मेस्त आला.

"वसंतबाब खंय? बरें जाले मगो ते आतां?"

उत्तराची वाट न बघता तो आपल्याच नादात मेजावरची धूळ पुसत होता. मेज ठेंगणं होतं. खण डावीकडे.

मी म्हटलं, "मेस्ता, माप चुकलं. कागदावर एकतीस होतं."

"चुकूंक ना, बाय. गेल्या मंगळारा दोनपारां ते स्वता येवन सांगून गेले. म्हणाले, तीन इंच उणें कर, तिचे पाय जमनीक टेंकपाक जाय. आनी खण दाव्या बाजूक घाल, ती दावरी आसा."

मी लिहिते उजव्या हातानं... शाळेत मार खाऊन शिकले. घरात मात्र सगळं डाव्यानं, हे यांच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. आणि मी त्या मेजावर बसावं, असं तर आमच्यात कधी बोलणंही झालं नव्हतं.

"मेस्ता," मी म्हटलं, "ते जाऊन आज बावीस दिवस झाले."

तो मग जिन्यात जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गडी खाली उतरले.

मी चावी दिली नाही. त्याच दुपारी पडदा परत लावला.

महिन्याभरानं, म्हापशाला बस बदलून, मी धारगळला गेले. मेस्ताचा वार चुकला असेल, दुसरंच कुणी आलं असेल, असं मनाला समजावत होते. पण त्याच्या बायकोनंही तेच सांगितलं. लाकूड गिरणीतून सोमवारी आलं, मंगळवारी पाय कापायला घेतले, तेव्हा हे कामाच्या मांडवात उभे होते. तिनं स्टूल पुढे केलं, बसले नाहीत. चहाला नको म्हणाले. "खूब वाळल्ले गो," ती म्हणाली. "म्हाका दिसलें, दुखण्यांतल्यान बेगीन उठले."

"आणखी काही बोलले?"

"ना. सांगलें आनी गेले."

"कुठल्या बाजूला?"

तिनं हात केला. "म्हापशेच्या रस्त्यान. घरा वता म्हणाले."

त्या मेजावर मी सव्वीस वर्षं भाषांतरांचं काम केलं. लोक यायचे, टेकायचे, पिवळे पडलेले कागद काढायचे, आणि हळूहळू त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. कुणी म्हणालं, मेस्तानं दयेपोटी रचलं असेल. कुणी म्हणालं, आजारपणाआधीच सांगून ठेवलं असेल — पण मग कागदावर एकतीस का? उत्तर शोधायचं मी आता सोडलंय.

फक्त एक गोष्ट अजून उमजत नाही. तो मंगळवार मला नीट आठवतो. पाहुणे गेल्यावर घरात मी पहिल्यांदाच एकटी होते. दुपारभर ओसरीवर बसून होते, दार सताड उघडं. घरी जातो म्हणाले होते ना... मग आले का नाहीत?