औषध लागू पडू नये म्हणून

लॉन्ड्रीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तिच्या हातून कधी कापड करपलं नाही, पण जीभ अशी की मालकही चार हात लांब राहायचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं कूस उजवली नाही, तेव्हा कीव करायला आलेल्यांना तिने "आधी तुमची पोरं सांभाळा" म्हणून वाटेला लावलं होतं. अशी बाई पाचव्या महिन्यात वॉर्डातल्या खाटेवर मुकाट पडलेली बघून नणंद धास्तावली, यात नवल ते काय!

सोनोग्राफीत बाळाची मूत्रपिंडंच दिसली नव्हती. गर्भाशयात पाणी नाही, फुप्फुसं वाढणार नाहीत, जन्मलं तरी श्वास घेता येणार नाही. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं. वर "असं क्वचितच होतं" हेही सांगितलं, जणू त्याने तिचं दुःख हलकं होणार होतं. गर्भ पाडायला ती हो म्हणाली आणि पहिली गोळी गिळली. आता कळा याव्यात म्हणून दर काही तासांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

"सिस्टर, हे औषध कधी फसतं का हो?" तिने विचारलं.

"घाबरू नका. इथं आमच्या डोळ्यांसमोर घेतलं की हमखास लागू पडतं. क्वचितच फसतं."

सिस्टरना वाटलं, आपण धीर दिला. झालं भलतंच. एक क्वचित आपल्या दारात आलं, तर दुसरं का येऊ नये? पोटात बाळ हलत होतं. सिस्टरची पाठ वळली की ती गोळ्या रुमालात थुंकू लागली.

दुपारी डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एवढं देऊनही कळा नाहीत? डोस वाढवावा लागेल," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. नणंदेने तिचा घाम पुसायला रुमाल उचलला, तर आत पांढरा लगदा. एरवी घर डोक्यावर घेणारी नणंद वाकून कुजबुजली.

"वहिनी, हे काय केलंत? तुमचं काही बरंवाईट झालं तर दादाने कुणाकडे बघायचं?"

"थोडं थांबू या ना. कदाचित..."

नणंदेने सिस्टरना बोलावून रुमाल दाखवला. सिस्टर रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेला टेकल्या.

"पहिली गोळी पोटात गेली आहे, बाई. आता थांबलात तर तुमच्याच जिवाशी खेळ. बाळ त्याने वाचत नाही हो. वाचत असतं तर मीच तुम्हाला गोळी दिली नसती."

ती ओक्साबोक्शी रडली. मग हात पुढे केला. "द्या."

या वेळी तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

रात्र व्हायच्या आत औषध लागू पडलं. रक्तस्राव बेताचा, जिवाला धोका नाही, डॉक्टर समाधानाने म्हणाले. नणंदेने तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"झालं हो वहिनी. सुटलात एकदाच्या."

"मी कुठे सुटायला बघत होते?" ती म्हणाली.