देवळामागचं मिठागर

सुनंदा गेल्याचा फोन गेल्या महिन्यात एका सकाळी आला. तिची धाकटी बहीण बोलत होती. आवाजात रडणं नव्हतं, थकवा होता. लांबलेल्या आजारपणानंतर डोंबिवलीच्या त्या घरात सगळ्यांकडे तेवढाच उरला होता...

सुनंदा ठाण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. मी वर्तमानपत्रात, ती वर्गात, मैत्री विद्यार्थिदशेपासूनची. दरवर्षी ती मुलांकडून आसपासच्या एखाद्या जागेचा इतिहास लिहून घ्यायची. तिची पद्धत सांगायला सोपी, करायला कंटाळवाणी होती. म्हाताऱ्या माणसांना एकेकटं गाठायचं, कारण चारचौघांत वडीलधारा बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. मग ते सांगतील ती जागा त्यांच्याबरोबर चालत जाऊन पाहायची. जुन्या नकाशाशी ताडायचं ते शेवटी.

तिने करून घेतलेला शेवटचा प्रकल्प मयूरी या विद्यार्थिनीचा होता. मयूरी खाडीकाठच्या गावातली. आजोबा मिठागरात राबलेले. मिठागर आता इमारतींखाली गेलं आहे. ते नेमकं कुठे होतं, याचा नकाशा तिने केला. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी, वेगवेगळं विचारूनही, एकच सांगितलं होतं : देवळामागे. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून चालणं तेवढं तिने वगळलं.

सुनंदाने उशीला टेकून नकाशा पाहिला. "आजोबांना तिथे नेलंस?"

"सगळे सेमच बोलले ओ मॅडम. आणि शुक्रवारी स्पर्धेला द्यायचाय."

"रिक्षाने ने."

आजोबा देवळासमोर उतरले आणि हसले. "यो नवा देऊल हाय गो. जुना रस्त्यान गेला."

रस्ता रुंद करताना देऊळ हलवलं होतं, मयूरीच्या जन्माआधी. म्हातारे 'देऊळ' म्हणताना जुनंच धरून बोलत होते. खोटं कोणीच बोललं नव्हतं, तरी मिठागर भलत्याच जागी काढलं गेलं होतं.

सुनंदाने प्रकल्प स्पर्धेतून मागे घ्यायला लावला.

"परीक्षकांना काय कळणार, मॅडम?"

"त्यांना नाही कळणार. तुझ्या गावाला कळेल."

"पण पुढच्या वर्षी तुम्ही..." मयूरीचं वाक्य तिथेच राहिलं.

"पुढच्या वर्षी नकाशा बरोबर असेल," सुनंदा म्हणाली आणि पाणी मागितलं.

नंतरचे महिने मयूरी एकेका म्हाताऱ्याला घेऊन फिरली. संध्याकाळी फोन करायची. सुनंदा डोळे मिटून ऐकायची. बोलायची ताकद असली तर एखादा प्रश्न विचारायची. शेवटी शेवटी तोही नाही.

सुनंदा गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात, मयूरी नकाशा घेऊन डोंबिवलीच्या घरी आली. सुनंदाचा पलंग खोलीतून हलवला होता, त्या जागी तिने नकाशा जमिनीवर पसरला. मिठागर जागेवर आलं होतं. फक्त पश्चिमेची हद्द कोरी होती आणि तिथे तिने लिहिलं होतं : नक्की माहीत नाही.

"आजोबा चिडलेत," ती म्हणाली. "बोलतात, मी सांगतो ना, काढ रेघ. घरच्यावर विश्वास नाय का?"

"मग काढायची गं," सुनंदाची बहीण म्हणाली. "आता कोण तपासणार आहे?"

"त्यांच्याशिवाय अजून कोणीच नाही बोललं, ताई."

नकाशा गुंडाळून ती उठली. कळव्याला लेकीकडे राहायला गेलेली गावातली एक आजी तिला सापडली होती. दुपारनंतर आजींना नीट आठवत नाही, म्हणून चहा न घेताच ती निघाली.