चिमीच्या गावी

परभणी मागे टाकून गाडी गंगाखेडकडे निघाली तेव्हा माझ्या मांडीवर एक चौकोनी खोका होता आणि खोक्यात चिमी. मुंबई-पुण्याच्या दुकानांत ही वीतभर बाहुली बंद खोक्यात विकतात. आत कोणत्या रंगाची निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि त्यासाठी चांगली शिकलीसवरलेली माणसंही रांगा लावतात. मला हे खूळ कधी उमगलं नाही. पण चिमी घडवणारा बालाजी माझा जुना मित्र. ती विकणाऱ्या कंपनीला आता तिची जन्मकथा खोक्यात घालायची होती आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कथा बालाजीनेच सांगितलेली. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. तिकडे फडावरच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) त्याची धाकटी बहीण चिमी तापाने गेली. पुढच्या साली तोडीला निघण्याआधी आईने काळ्या मातीची बाहुली केली, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे दाबले आणि गोदावरीत सोडली. तोंड केलंच नाही. तो चेहरा बालाजीने जसाच्या तसा आपल्या बाहुलीला दिला.

"आईला यातलं काही माहीत नाही," तो म्हणाला होता. "ती हो म्हणाली तरच छाप. नाही म्हणाली तर मी चिमी बंद करून टाकतो."

स्वतः जायला त्याचा धीर होत नव्हता. म्हणून मी निघालो होतो.

गंगाखेडला उतरून सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा) मागवली. मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं. पालमची एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत चालली.

"खोक्यात काय हाय?" कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं.

"बाहुली आहे. एका म्हाताऱ्या बाईंना दाखवायचीय."

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

पालमच्या पुढे बालाजीचं गाव लागलं ते अर्धं कुलपात. माणसं तोडीला गेलेली, रस्त्यावर नुसत्या शेळ्या. दोन्ही बाजूंना तुरी आणि कणसं धरलेली ज्वारी उभी. त्या शांततेत हातातला रंगीत खोका मला फार विजोड वाटू लागला. बालाजीची आई गयाबाई गुडघ्यांमुळे आता तोडीला जात नाहीत. पत्र्याच्या घरापुढे त्या तूर निवडत बसल्या होत्या.

"बालाजीचा दोस्त व्हय? बसा. लय लांबून आलाव."

त्यांनी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी वाढली. हात धुईपर्यंत माझ्याच्याने विषय निघेना. शेवटी खोका उघडून बाहुली त्यांच्या हाती दिली. तोंड नसलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"चिमी हाय ही," त्या म्हणाल्या. नाव मी सांगितलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं: दुकानं, रांगा, छापायची कथा.

"तुम्हाला राग आला का?"

"राग कशाचा? पर ही लय ल्हान हाय."

खेळणं एवढंच असतं, असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"तसं न्हाई. म्या दर साली केली. दर साली जराशी मोठी. लेकरू वाढतंय की. बालाजी तिकडं होस्टेलात शिकायला, ह्याला काय ठावं. ह्यानं पयलीच तेवढी पाह्यली."

त्या उठल्या आणि मला नदीवर घेऊन गेल्या. पाणी ओसरलं होतं, काठाची माती उघडी पडली होती. त्या जपून पाय टाकत होत्या.

"गेल्या साली हितंच सोडली. कमरंएवढी झालती. हळद लावली, ओटी भरली. आता न्हाई करणार."

"का?"

"लगीन झालं तिचं. माझी नांदायला गेली. त्याची आजून दुकानातच बसलीय."

मी नदीकडे तोंड फिरवलं.

"मग छापू का?" मी विचारलं.

"त्याला येऊ द्या. मंग सांगते." बाहुली त्यांनी पुन्हा माझ्या हातात ठेवली. "ही त्याची हाय. त्याला द्या."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो. चिमीचा उगम म्हणजे कधीकाळी घडून गेलेली गोष्ट, एवढंच मी धरून चाललो होतो. त्या बाईंनी मात्र मेलेल्या लेकीला माती मळून मळून वाढवलं आणि सासरी धाडलं. ज्या चेहऱ्यासाठी आम्ही जन्मकथा लिहायला बसलो होतो, तो त्यांच्या हातून केव्हाच पुढे गेला होता. मला त्यांच्याविषयी आदर वाटत होता, आणि बालाजीची दया येत होती.

परभणी यायच्या आतच त्याचा फोन आला.

"नाही म्हणाली ना?"

"नाही म्हणाल्या नाहीत," मी म्हणालो, आणि नदीवरचं सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

त्याने हळूच विचारलं, "तिच्या ओटीत काय घातलं होतं?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "भाऊ तू आहेस. जाऊन विचार."