झाकणावर बसलेले तात्या

तात्या उद्धट होते.

आज सकाळी ते गेले आणि दुपारपर्यंत हे मी चार जणांच्या तोंडून ऐकलं.
होते उद्धट. बरं झालं, होते.

गाईंच्या कृत्रिम रेतनाचं काम मला त्यांनी शिकवलं. मी दहावी नापास. "हात थरथरत्यात, पण मोजतूस नीट," म्हणाले आणि ठेवून घेतलं.

सत्तरच्या दशकात, मी जन्मायच्या कितीतरी आधी, ते कुंडलजवळच्या एका गावात नव्या सेंटरवर होते. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या तेव्हा इकडं नुकत्याच येऊ लागल्या होत्या. अतिथंड द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या. झाकण काढलं की पांढरा धूर.

गावानं टाकीची पूजाच सुरू केली. हळदकुंकू, नारळ. रोज कोणीतरी यायचं, "धूर दाखवा."
तात्या कांड्यांची डबी वर उचलून दाखवायचे. म्हातारी माणसं हात जोडायची.

एकही गाय गाभण राहिली नाही.

चूक तात्यांचीच होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. वर उचललेल्या कांडीला ऊब लागते. खाली सोडली की ती परत गोठते. दिसायला तशीच. आत सगळं मेलेलं.

ऑफिसनं कळवलं, ही शेवटची टाकी. आता गाभ राहिला नाही तर सेंटर बंद.

टाकी आली त्याच दिवशी सरपंच पाहुणे घेऊन हजर.

"उघड रं. पावण्यांना धूर बघू दे."
"न्हाई उघडणार."
"माझ्या गावात मलाच न्हाई?"
"आवं, न्हाई म्हणलं म्हणून तुमी मरत न्हाईसा. ह्या मरत्यात."

आणि तात्या झाकणावर बसले.

शेजारच्या सखूआक्का कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या.
"ऊठ की रं. का तुलाच लावू कुकू?"
"लावा."
आक्कांनी लावलं. आधी पाहुणेच हसले.

सरपंचांनी संध्याकाळच्या आत तात्यांची खोली काढून घेतली. टाकी आक्कांच्या गोठ्यात गेली. पहिली गाय आक्कांचीच भरवली. तीन महिन्यांनी तात्यांनी हात घालून तपासली.

"हाय का रं?"
"हाय."

सेंटर राहिलं. पुढं सरपंचांची गाय आली तेव्हा तात्या म्हणाले, "नंबरानं या." लोक उद्धट म्हणतात ते एवढ्यासाठी.

माझ्या टाकीत आता कधी कधी गोठवलेले भ्रूणही असतात. झाकण काढताना मला घाम फुटतो. एकदा तात्यांना तसं सांगितलं.
"भ्या गड्या," म्हणाले. "भ्यालेला माणूस झाकण लगीच लावतो."

अग्नी देऊन आलो. सगळे म्हणतात, आज तरी काम नको.

वस्तीवरची एक गाय सकाळपासून माजावर आहे. तिचा माज उद्यापर्यंत टिकणार नाही.

मी जाणार आहे. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या.

तात्या, येतो. शेवटचा नमस्कार.